बाबांची जीभ

मेकाँग नदीच्या मुखाशी आमचं गाव तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, बी पेरतं. कणीएवढ्या त्या जिवांना गोडं पाणी सोसत नाही. म्हणून माझे बाबा, थ्वान, आधी ओंजळभर पाणी जिभेवर घोळवत. त्यांनी 'खारं' म्हटलं, की मगच होड्यांतल्या टोपल्या उपड्या होत.

यंदा वरच्या अंगाला आठवडाभर पाऊस झाला होता. बाबा नुकतेच तापातून उठले होते. त्यांनी पाणी चाखलं.

"खारं आहे. सोडा!"

मीही बोट बुडवून चाखलं. मला ते गोडंच लागलं.

"काय गं लियू, बापाची परीक्षा घेतेस?" शेजारचे साऊकाका हसले. "ते पाणी चाखायला लागले, तेव्हा तू पाळण्यातही नव्हतीस!"

चारचौघांत बाबांचा शब्द कसा मोडू? मीही टोपली उपडी केली. साऱ्या गावाचं बी पाण्यात गेलं.

चौथ्या दिवशी ओहोटीला वाळू उघडी पडली. कोवळ्या शिंपल्या तोंडं वासून पडल्या होत्या, पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांना कुणी एका शब्दानं बोललं नाही. साऊकाकासुद्धा खाली मान घालून परतले.

बाबांनी वाकून ओंजळ भरली आणि माझ्यापुढे धरली.

"तापापासून मला चवच कळत नाही, पोरी. सांगितलं असतं, तर गावाला माझा काय उपयोग उरला असता? तू चाख. कसं आहे?"

"गोडं आहे, बाबा."

"आणि त्या दिवशी?"

पाणी त्यांच्या बोटांतून गळत होतं.

"त्या दिवशीही," मी म्हणाले.