एक हात पूल, एक हात कठडा

क्रेनवाल्यांनी उजवा हात कोपरापर्यंत पिंजऱ्याच्या दारात घातला आणि श्वास रोखून धरला. जाडी आधी बोटं हुंगणार, मग मनगटावर पुढचे दोन पाय ठेवणार, मग लहर लागली तर उरलेलं अंग. घाई करायची नाही, असं सूनबाईनं बजावलं होतं.

पिंजरा लोखंडी घोडीवर, त्यांच्या छातीच्या उंचीला होता. त्यात दोन चिंचिला राहत, जाडी आणि बारकी. सशासारखे कान, उंदरासारखं तोंड, खारीसारखी शेपूट आणि वर धुरकट रंगाचा असा मऊ अंगरखा, की हात लावला तरी लावल्यासारखं वाटू नये. सूनबाईनं त्या लग्नात माहेरून आणल्या होत्या. रोज तिन्हीसांजेला त्यांना खोलीत हुंदडायला सोडायचं आणि ती कामावरून आली की परत आत घ्यायचं. मुलगा बोटीवर, सून रुग्णालयात नर्स. मग सोडण्याचं काम सासऱ्याकडे.

"एक हात पूल, एक हात कठडा," तिनं शिकवलं होतं. "पुलावरून त्या चालतील. दुसरा तळवा मागं धरायचा. तोल गेलाच तर त्यानं सावरायचं. आवळायचं मात्र नाही हं, बाबा."

क्रेनवाल्यांनी सगळी उमर गोदीत काढली होती. जहाजाच्या पोटातून घराएवढ्या पेट्या उचलून ट्रकवर अशा ठेवल्या, की खालच्या ड्रायव्हरची डुलकी मोडू नये. आणि आता अर्ध्या किलोचं जनावर टेबलावर उतरवताना ते इंचाइंचाला थांबत होते.

कारण कठडा बिघडला होता.

गेले काही दिवस डावा हात सांगितलेलं ऐकत नव्हता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. नुसता हजर नसायचा. बशी निसटली. किल्ल्या निसटल्या. उजव्या बाहीचं बटण लागेना, तेव्हा त्यांनी बाह्या दुमडायला सुरुवात केली.

"काय बाबा, हिरो झालात हल्ली," सूनबाई म्हणाली होती.

"उकडतंय," ते म्हणाले होते. मग पंखा लावावा लागला आणि दोघं कुडकुडत जेवली.

सांगायला तोंड उघडत नव्हतं. घरात नर्स होती म्हणूनच उघडत नव्हतं. सांगितलं की ती रुग्णालयात नेणार. बायकोलाही असंच नेलं होतं. बायको स्वतःच्या पायांनी चालत गेली होती, दारातून वळून दुधावर झाकण ठेवायला सांगून.

बारकी सुखरूप उतरली होती आणि खाली टेबलाचा पाय कुरतडत होती. जाडी पुलावर आली. अर्ध्या वाटेवर थांबली, कान ताठ केले. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा भोंगा वाजला.

तिनं उडी मारली नाही, ती दचकली. मागचा पाय घसरला. कठडा जागेवरच होता. क्रेनवाल्यांना तो दिसतही होता. बोटं नुसती वळायची होती. ती वळली नाहीत. जाडी त्या तळव्यावरून पाण्यासारखी ओघळली. त्यांनी उजव्या हातानं झडप घातली, मुठीत मऊ काहीतरी आलं आणि खाली फरशीवर बारीकसा आवाज झाला.

मूठ उघडली. तिच्यात केसांचा अख्खा पुंजका होता.

"अरे देवा," ते हळूच म्हणाले.

जाडी सोफ्याखाली गेली होती. ते गुडघ्यांवर बसले, मग पालथे झाले. कोपऱ्यात एक काळा गोळा दिसत होता. हलत नव्हता.

"जाडे. ए जाडे. बाहेर ये गं बाई. चुकलं माझं."

काही नाही. खोलीत अंधार भरत चालला, पण दिवा लावायला उठावं तर आपली पाठ फिरताच ती मरेल असं त्यांना वाटत होतं. आणि त्या भीतीच्या खाली दुसरी भीती बसली होती: पडली कशी, असं सूनबाई विचारणार.

दाराचं कुलूप वाजलं. दिवा लागला.

"बाबा! असे काय पालथे? काय झालं?"

"मला काही नाही. जाडी रुसलीय."

"रुसायला काय झालं तिला?"

"पडली." त्यांनी मूठ पुढं केली. "उडी मारली तिनं. नको तेव्हा मस्ती. ऐकते का कुणाचं?"

सूनबाईनं पर्स खुर्चीवर टाकली, गणवेशातच फरशीवर आडवी झाली आणि चिंचिलांच्या अंघोळीच्या मातीचा डबा सोफ्यापाशी सरकवला. पाण्यानं नाही, मातीनं अंघोळ करणारी जात. थोड्या वेळानं एक मिशी बाहेर आली, मग जाडी तुरुतुरु येऊन डब्यात लोळली. सूनबाईनं तिला अलगद उचललं. एकेक पाय बोटांनी चाचपला, पाठ चाचपली, पोट चाचपलं. क्रेनवाले उठून बसून तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काही मोडलं नाही."

"आणि केस?"

"ती युक्ती आहे त्यांची. कुणी पकडलं की केस त्याच्या हातात सोडून पळायचं. येतील परत."

क्रेनवाल्यांचा जीव असा भांड्यात पडला, की त्यांना बोलायला सुचायला लागलं. "बरंय की. मला पण शिकवा म्हणावं. म्हणजे तुझ्या डाएटच्या भाकरीतून तरी सुटेन."

सूनबाई हसली. मग तिची नजर घोडीवर गेली, फरशीवर गेली, आणि त्यांच्या डाव्या हातावर येऊन थांबली. तो मांडीवर ठेवल्यासारखा नाही, विसरल्यासारखा पडला होता. तिनं जाडीला खाली सोडलं.

"बाबा, यांना आत घ्यायला जरा मदत करा. एकटीनं नाही जमायचं आज."

रोज ती एकटीच घेत असे. हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. उलट बोलावणं आल्याचा आनंदच झाला. ते पिंजऱ्यासमोर उभे राहिले.

"दोन्ही हात समोर धरा. सरळ. तळवे वर. हां, असे. आणि डोळे मिटा."

"डोळे कशाला?"

"तिनं धसका घेतलाय तुमचा. तुम्ही बघत असलात तर चढायची नाही."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात अगदी एका रेषेत, दाराच्या उंचीला धरले. गोदीत धरत तसे. मनात म्हणाले, आता हलायचं नाही. कुणी चढेना.

"आली का?"

"थांबा अजून."

मग त्यांना मागून आवाज आला. कुरतडण्याचा. एक नाही, दोघींचा. खोलीच्या पार पलीकडच्या टोकाला, टेबलाच्या पायाशी. पुलापाशी कुणीच नव्हतं.

डाव्या मनगटाखाली सूनबाईची बोटं लागली. लागली ती भलत्याच जागी, फार खाली.

त्यांनी डोळे उघडले. उजवा हात दाराच्या उंचीला होता. डावा कमरेशी आला होता, तळवा आत वळलेला. तो कधी उतरला हे त्यांना कळलंच नव्हतं. डोळे मिटलेले असते तर अजूनही त्यांनी शपथेवर सांगितलं असतं, की तो वरच आहे.

सूनबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "दात दाखवा, बाबा. तोंड वाकडं नाही ना होत? हं. कधीपासून आहे हे?"

वॉर्डशी फोनवर बोलताना तिचा जो आवाज होई, तो आवाज होता.

क्रेनवाल्यांनी उजव्या हातानं डावा पकडून पाठीमागे नेला.

"बाबा."

"झाले काही दिवस."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं त्यांना वाटलं. तिनं फोनवर गाडी बोलावली, दोघींना चटाचट आत टाकलं, दाराची कडी लावली. मग चपला त्यांच्या पायांपाशी आणून ठेवल्या आणि डावीत त्यांचा पाय घालायला खाली वाकली.

"सकाळी जाऊ की," ते म्हणाले. "तू आत्ताच आलीस. दमली असशील."

"आत्ताच."

सगळं एवढंसं झालं होतं: खोली, दार, त्यापलीकडचा जिना. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता.

"तू थांबशील ना तिथं?"

"मग कुठं जाते? ड्यूटी आहे माझी," सूनबाई म्हणाली, आणि कामावरून आल्या आल्या गणवेशाच्या खिशात काढून ठेवलेला बिल्ला तिनं पुन्हा छातीवर लावला.