पांढऱ्या पिटुनियाचं बी

काचघरातल्या शेवटच्या फळीवर नऊ कुंड्या होत्या. त्यांत मिळून पिटुनियाची एकशे चौतीस फुलं, सगळी दुधासारखी शुभ्र. सुकून गेलेल्या फुलांचे देठ भाचीने वेगळे मोजले, ते दोनशेच्या वर भरले. त्यांवर बोंड एकही नव्हतं.

"झालं मोजून? आता हात धू आणि जेवायला चल," आत्या म्हणाली.

आत्याने उभा जन्म या रोपवाटिकेत घालवला होता. या शुभ्र फुलासाठी तर तिने जिवाचं रान केलं. फुलात जांभळी, गुलाबी, अगदी सायीसारखी झाक दिसली तरी ते रोप ती उपटून टाकायची. शेवटी फूल शुभ्र झालं, पण बी धरेना. मग ती फांद्या रुजवून वाण टिकवत आली. फांदीबरोबर रोगही नव्या कुंडीत जायचा. आता प्रत्येक कुंडीत पानं सुरकुतली होती. हा रोग बियांतून सहसा उतरत नाही; पण बी मिळालं नाही, तर फूल आणखी एखादा हंगाम तग धरणार आणि मग कायमचं जाणार.

"जांभळ्याचे पराग लावून पाहिलेस?"

"लावले की. बी भरपूर आलं आणि सगळं जांभळं फुललं. माझ्या तोंडाला पानं पुसली." आत्याने एक फूल तिच्या नाकाशी धरलं. "हे बघ, परागसुद्धा पांढरे. आहेत कुणाकडे असे?"

भाची बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती ते पराग घेऊन गेली आणि साखरेच्या पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसली. शेजारच्या काचेवर जांभळ्या फुलाचे पराग होते. त्यांना नळ्या फुटून लांब झाल्या. पांढरे जिथल्या तिथे ढिम्म.

"फ्लेवोनॉइड म्हणून पदार्थांचं एक मोठं कुटुंब असतं," दुसऱ्या दिवशी ती सांगू लागली. "काही फुलाला रंग देतात, काही कडक ऊन झेलतात, काही बुरशीला अडवतात. त्यांतले काही फिकट पिवळे असतात. त्यांच्याशिवाय पिटुनियाच्या परागाला धड नळी फुटत नाही. तू रंगाला घालवलंस, त्याच्याबरोबर अख्खा गोतावळा गेला."

आत्या बराच वेळ कुंडीतली माती चाचपत राहिली. "म्हणजे मीच मारलं त्याला."

"मारलं नाहीस गं. उपाशी ठेवलंस. आणि खायला घालता येईल. कांद्याच्या वाळक्या सालीत त्यांतलाच एक असतो."

"माझ्या फुलाला कांदा चारणार तू?"

"थेंबभरच. वास नाही यायचा."

भाचीने साली स्पिरिटमध्ये भिजवल्या आणि तो अर्क खूप पाणी घालून पातळ केला. वीस फुलांच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या दांडीच्या टोकावर, त्याचा थेंब ठेवून तेच पांढरे पराग लावायचे आणि देठाला तांबडा दोरा बांधायचा. आणखी वीस फुलांना पराग तेच, पण थेंब नुसत्या स्पिरिटच्या पाण्याचा आणि दोरा निळा.

"ही वीस कशाला वाया घालवतेस? सगळ्यांना चार की कांदा," आत्या कुरकुरली.

"मग कांद्यानेच झालं हे कळणार कसं?"

"तुझ्या बापाचीच मुलगी तू. लहानपणी तोही असाच डोकं खायचा." पण निळे दोरे तिनेच बांधले, गाठ सैल ठेवून, देठाला काच पडू नये म्हणून.

बांधता बांधता तिने विचारलं, "बी धरलं, तरी पुढच्या रोपांना पुन्हा हेच?"

"हो. दर पिढीला."

"मग चारू," आत्या म्हणाली. "कांदे काय, घरात असतातच."

निळ्या दोऱ्याच्या वीस फुलांना एकही बोंड आलं नाही. तांबड्या दोऱ्याच्या वीसपैकी अकरांना आलं. पहिलं पिकलेलं बोंड आत्याने कागदावर फोडलं. भाचीने चिमट्याने मोजलं, त्र्याहत्तर बिया. त्यांतल्या पन्नास पेरल्या, एकेचाळीस उगवल्या आणि फुलल्या. एकेचाळीसही रोपांची फुलं पांढरी होती. सुरकुतलेलं पान एकाही रोपावर नव्हतं.