सगळ्यांचा कोट

देशाच्या मंत्रिमंडळाला कोट एकच असतो. राखाडी, बंद गळ्याचा, आणि जेवढे मंत्री तेवढ्या बाह्यांच्या जोड्या. शपथ झाली की सचिव तुम्हाला तुमची जोडी दाखवतात, तुम्ही हात घालता आणि मागून कुणीतरी बटणं लावतं. एकानं हात हलवला की सगळ्यांच्या बाह्या हलतात. बोटं मात्र ज्याची त्याची. त्यामुळे रेल्वेमंत्री बर्गेसाहेब बैठकीत निवांत शेंगा सोलू शकतात.

दाराशी खुंटीला एक कात्री टांगलेली असते. ज्याला निर्णय पटत नाही त्यानं आपल्या बाह्या कापाव्यात आणि उघड्या हातांनी घरी जावं. जबरदस्ती कुणावरच नाही.

त्या दिवशी तोफांच्या सरावासाठी जमीन घेण्याचा विषय होता. नकाशावर करंजवणे होतं. करंजवण्यात माझी आक्का राहते. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. दिल्लीला निघताना मी तिला म्हणालो होतो, "मी आत असेपर्यंत गावाला धक्का लागायचा नाही."

"माझा विरोध आहे," मी म्हणालो.

"बोला ना, मोकळेपणानं बोला," पंतप्रधानबाई म्हणाल्या. "त्यासाठीच तर दार लावून घेतलंय."

मी बोललो. चांगलं बोललो. विहिरींबद्दल, शाळेबद्दल, आक्काच्या फणसांबद्दल. शब्द तोंडातून पडून टेबलावर साचत होते, ओल्या चिंचोक्यांसारखे. सचिवांनी ते ओंजळीनं गोळा केले, कोटाच्या आतल्या खिशात टाकले आणि खिसा शिवून टाकला.

"फार मुद्देसूद," बर्गेसाहेब म्हणाले. "मला तर पटलं हो. शेंग घ्या."

"मग एकमतानं?" बाईंनी विचारलं.

कुणी काही बोललं नाही. आमच्यात त्यालाच एकमत म्हणतात. कोट सगळ्यांच्या छातीवर बोटभर आवळला.

मी कात्रीकडे पाहिलं. मी पाहतोय हे बर्गेसाहेबांनी पाहिलं.

"कापा की," ते म्हणाले. "तुमच्या खात्यावर माझ्या भाच्याचा डोळा आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो."

मी शेंग घेतली.

ज्याच्या गावावर निर्णय पडतो त्यानंच तो गावाला सांगायचा, अशी प्रथा आहे. कोट अंगातून निघत नाही, म्हणून सगळेच आले. करंजवण्याच्या गल्लीत आम्ही दोनदा अडकलो. पारावर चढेपर्यंत कोट इतका आवळला होता, की कुठली बाही कुणाच्या खांद्यातून निघते हेच कळेना.

"हा निर्णय जनहिताचा आहे," मी म्हणालो. बाहेर आमचा आवाजही एकच असतो. ते सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं. छान घुमलं.

आक्का पुढे आली. तिच्या कमरेला शिवणाची कात्री खोचलेली होती.

"शिरू, आत काय म्हणालास रे?"

मी छाती चाचपली. सगळ्यांनी चाचपली. खिशाची शिवण पक्की होती.

"आतलं बाहेर सांगायचं नसतं, आक्का," आम्ही म्हणालो.

पंतप्रधानबाईही तिला आक्का म्हणाल्या, याचं तिला काही वाटलेलं दिसलं नाही.

"बरं, नको सांगूस. हात कर इकडं. कापते मी. उघड्या हातानं चल घरी, भाकरी टाकते."

मी हात पुढे केला. सगळेच हात पुढे आले.

आक्कानं चाळिशी नाकावर ओढली आणि एकेक अंगठा उलटून बघू लागली. लहानपणी विळीवर माझा अंगठा कापला होता, हळद तिनंच भरली होती. तो व्रण ती शोधत होती.

"हा नव्हं. हा पण नव्हं." एका हाताला शेंगांची टरफलं चिकटली होती. ती तिनं पदरानं पुसून काढली. "काय रे हे, केवढे हात! आणि एकाला घट्टा म्हणून नाही."

मग ती माझ्या बाहीपाशी आली.

बोटं मात्र ज्याची त्याची असतात. मी अंगठा मुठीत मिटून घेतला.