सुटलेला अंगठा

बत्तीस वर्षं मी मैदानांवर फोटो काढले. एकदा घोड्यांच्या शर्यतीत मी इतक्या वेगाने शटर मारलं की घोडा या फोटोत आला आणि त्याची सावली मागच्या फोटोत राहून गेली. हे आमच्या हिला अजून पटलेलं नाही. ती म्हणते, "घोड्याचं राहू द्या. स्वतःच्या लेकीचा एक फोटो तरी धड काढलात का?"

मी लेन्स पुसायला घेतो.

आमची लेक चारशे मीटर पळते. लहानपणी एका जागी ठरायची नाही, म्हणून घरातलं नाव भिंगरी. इतरांच्या पोरांच्या नाकावरचे घामाचे थेंब मोजून घ्यावेत असे फोटो मी काढले, पण ही भिंगरी काही माझ्या भिंगात सापडेना. फोटोत तिच्या जागी नुसता धूर. कधी मी म्हटलं काचेवर वाफ धरली, कधी म्हटलं नेमकी त्या क्षणी जमीन हलली. खरं कारण घरात तिघांनाही ठाऊक होतं. माझा अंगठा.

त्याचं असं आहे. आम्ही मैदानवाले बटणांची वाटणी करतो. शटर तर्जनीकडे, आणि फोकसचं बटण कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठ्याकडे. अंगठा दाबलेला आहे तोवर कॅमेरा पळणाऱ्याचा पिच्छा सोडत नाही. माणूस जवळ आला की फोकसही जवळ येतो. अंगठा उचलला की फोकस तिथल्या तिथे गोठतो. परक्यांच्या पोरांसाठी माझा अंगठा घोरपडीसारखा चिकटून बसतो. पण भिंगरी शेवटचं वळण घेऊन समोर आली की माझ्यातला फोटोग्राफर पळून जातो आणि बाप तेवढा उरतो. अंगठा हवेत, आणि तोंडाने "चल गं! चल!"

म्हणून ही मला अंगठाबहाद्दर म्हणते. तेही चारचौघांत.

एका सकाळी भिंगरी गुडघ्याला पट्टा बांधत म्हणाली, "बाबा, डॉक्टर म्हणतात आता बास. रविवारची शेवटची."

मी चहा ढवळत राहिलो. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत राहिलो.

"या वेळी एक फोटो हवाय मला. तुम्ही काढलेला. नाक-डोळे असलेला."

"काढतो. शपथ घेऊन सांगतो."

"शपथ नको. अंगठा द्या."

रविवारी निघताना हिने माझ्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली, आठवण राहावी म्हणून.

"आणि तू कशाला येतेस?" मी विचारलं.

"बाटली धरायला. नाहीतर शर्यतीत बघायचंय काय? गोल फिरून जिथून निघाली तिथेच येणार."

गेली नऊ वर्षं ही हेच सांगते. येते, कठड्याशी उभी राहते, बाटली धरते.

भिंगरीला आठवी लेन मिळाली, कठड्याला लागून. मी शेवटच्या रेषेच्या पलीकडे गुडघे टेकून बसलो, लांब लेन्स लावून. शटर सेकंदाचा दोन हजारावा भाग, सेकंदाला वीस फोटो, फोकस पाठलागावर. ही रेषेच्या वीसेक पावलं अलीकडे, कठड्याला टेकून, चेहरा असा की बसची वाट बघतेय.

बार झाला. वळण संपलं आणि कॅमेऱ्यातली ती छोटी चौकट भिंगरीच्या डोळ्यावर जाऊन बसली, ती हलेचना. अंगठा घट्ट. पाचवी होती, चौथी झाली. मी श्वाससुद्धा सोडला नाही. मग तिने आईला ओलांडलं, तिसरीच्या खांद्याला खांदा लावला, आणि...

"चल गं! चल!"

मान वर केली तर समोर माझाच अंगठा. चिकटपट्टीसकट हवेत. तर्जनी बिचारी इमानाने फोटो काढतच होती.

भिंगरी केसभराने चौथी आली. लंगडत आमच्याकडे आली, "पाणी" म्हणाली. हिने बाटली पुढे केली. रिकामी.

"आई, हे काय?"

"गळकी आहे मेली."

"बाबा, अंगठा?"

मी हात पाठीमागे नेला.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. सुरुवातीचे फोटो खणखणीत होते, पण त्यांत पुढच्या पोरीचं कोपर तिच्या नाकावर. पुढे सगळा नेहमीचा धूर. मी "त्याचं काय झालं, वारा उलटा..." अशी सुरुवात केली होती, एवढ्यात भिंगरी म्हणाली, "थांबा. मागे घ्या."

अंगठा सुटला तेव्हा फोकस तिने जिथे आईला ओलांडलं तिथेच गोठला होता. धुरामागे ही उभी होती, पापणी न् पापणी मोजावी अशी. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तोंड सताड उघडं. दोन्ही हात पोरीकडे लांबवलेले आणि एका हातात बाटली, उलटी. पाण्याचे मणी हवेत अडकलेले, खाली हिच्याच चपलांवर तळं.

"काय ध्यान दिसतंय! पुसा ते आधी," ही म्हणाली.

"आई, तू ओरडतेस?"

"छे. जांभई आली असेल."

भिंगरी खुर्ची पुढे ओढून फोटोजवळ सरकली. म्हणाली, "नऊ वर्षं मी तुझ्यासमोरून पळाले. मला वाटायचं, तू नुसती बाटली धरून उभी असतेस."

ही टेबलावरचे नसलेले कण गोळा करायला लागली.

"बाबा, मला हाच हवा."

"अगं, पण यात तू कुठे आहेस?"

"ही काय." तिने पुढच्या धुरावर बोट ठेवलं. "तुमची नेहमीची."

तो फोटो आता तिच्या खोलीत, पलंगासमोर आहे. घरी कोणी आलं की मी त्याला धरून तिथे नेतो आणि सांगतो, तो अंगठा मी मुद्दाम सोडला होता, बरोब्बर मोजून, पाण्याचा तिसरा मणी सुटला त्या क्षणी. घोड्याच्या सावलीवरून ही आजही भांडते. पण हे ऐकलं की भांडायला तोंड उघडते, फोटोकडे बघते, आणि पाहुण्यांना पाणी आणायला आत निघून जाते.