डॉक्टर काय म्हणाले

डॉक्टर पेशंट म्हणून वॉर्डात आले तेव्हा त्यांना सगळेच घाबरून होते. म्हातारा उंच आणि हाडाने दणकट. आंघोळीला नेलं की हात उगारायचा आणि तोंडाने अखंड काहीतरी चालू असायचं. असंबद्ध बडबडतो, असं पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी ठरवून टाकलं. विस्मरण झालेल्यांच्या त्या मजल्यावर बडबडणारे कमी नव्हते, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

सिस्टर सुट्टीवरून कामावर आली आणि न्हाणीघराच्या दारातच थबकली. आतून आवाज येत होता, "मेल्यांनो, पाणी गार आहे. माणूस आहे मी, म्हैस नाही."

या देशात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती. लग्नाचं वय रजेच्या अर्जांत निघून गेलं, असं ती स्वतःच हसून सांगायची. फोन सोडला तर मराठी तिच्या कानावर पडत नसे. ती आत गेली, नळाची मूठ फिरवली आणि म्हणाली, "डॉक्टर, जरा दम धरा. करते कोमट."

म्हाताऱ्याचा हात खाली आला. "बघ की," तो म्हणाला. "केव्हाचा ओरडतोय मी."

त्या दिवसापासून डॉक्टर सिस्टरच्या वाट्याला आले. हाडांचे मोठे सर्जन होते ते. तरुणपणी इथे आले, इथल्याच बाईशी लग्न केलं, आयुष्यभर इथलीच भाषा बोलले. आजाराने ती भाषा पुसून नेली आणि खाली जे उरलं ते मराठी होतं. वॉर्डच्या हेडबाईने सिस्टरच्या पाठीवर थाप मारली. "देवानेच पाठवली तुला," ती म्हणाली. सिस्टरलाही तसंच वाटलं.

दर रविवारी त्यांची मुलगी यायची. पन्नाशीची, शाळेत शिक्षिका, केस बारीक कापलेले. तिला मराठीचा गंधही नव्हता. घरात दोन भाषा झाल्या की पोरं धड एकीतही बोलत नाहीत, असं डॉक्टरांचं मत होतं. आई गेल्यापासून बाप आणि लेक यांचं बोलणं तसंही कामापुरतंच उरलेलं.

पहिल्या रविवारी ती खुर्ची ओढून जवळ बसली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, "ही बाई कोण? तिला सांग, ओपीडी बंद झाली."

"काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

तिचा चेहरा इतका आसुसलेला होता की सिस्टरच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "म्हणतायत, उन्हातून आलीस, आधी टेक जरा."

मुलगी हसली. मग तिचे डोळे भरून आले. "असं ते कधी बोलायचे नाहीत हो," ती म्हणाली.

ते बोलणं सिस्टरच्या वडिलांचं होतं. नाना असेच बोलायचे. सिस्टर इथे आली त्याच वर्षी नाना गेले. नवी नोकरी, रजा मिळाली नाही. तिरडी उचलली तेव्हा दादाने मोबाइल वर धरला होता आणि त्यात तिला बहुतेक वेळ मांडवाचं कापडच दिसलं होतं.

एकदा जीभ घसरली की पुढचं सोपं असतं. डॉक्टर म्हणायचे, "ही परत आली?" सिस्टर सांगायची, "वाळलीस म्हणतायत, जेवतेस ना वेळेवर?" डॉक्टर म्हणायचे, "हिच्या हातात काय आहे, कापायचा चाकू काय?" सिस्टर सांगायची, "शाळेतली पोरं फार त्रास देतात का, विचारतायत." मुलगी आता बुधवारीही यायला लागली. बापासाठी तिने मऊ लोकरीचा स्वेटर आणला. आपलं लहानपण, आईचं आजारपण, मोडलेलं लग्न, सगळं ती त्यांना सांगायची आणि उत्तरासाठी सिस्टरच्या तोंडाकडे बघायची. सिस्टरला स्वतःकडे उत्तर नसलं की ती नानांकडे जायची. त्यांच्याकडे असायचंच.

एकच गोष्ट अवघड होती. दुपार कलली की डॉक्टर अस्वस्थ व्हायचे. पलंगाखाली बूट शोधायचे, दाराचं हँडल हलवायचे. "पोरगी सुटली असेल शाळेतून. फाटकापाशी एकटी उभी असेल. तिची आई आज कामावर आहे, मलाच जायला हवं. अगं, दार उघड ना." ते दार नंबर दाबल्याशिवाय उघडत नसे.

"आता काय म्हणतायत?" मुलगी विचारायची.

समोर बसलेल्या लेकीला कसं सांगायचं, की बाप आपली लेक शोधतोय आणि ती तू नाहीस? सिस्टर म्हणायची, "दमलेत. पडायचंय त्यांना." मग मुलगी त्यांच्या कपाळाला हात लावून निघून जायची. डॉक्टर अंधार पडेपर्यंत दाराशी उभे राहायचे.

थंडी सुरू होताना आत्या आली. डॉक्टरांची धाकटी बहीण, सत्तरीच्या पुढची, गुडघे धरून चालणारी. भावाला एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून एवढा प्रवास करून आली होती. इथली भाषा तिला मोडकीतोडकी यायची. मुलीनेच तिला वॉर्डात आणलं आणि सिस्टरची ओळख करून दिली. "ह्यांच्यामुळे मला माझे वडील मिळाले," ती म्हणाली. सिस्टरने आत्याला खुर्ची ओढून दिली.

आत्या भावाशेजारी बसली. त्याने तिला ओळखलं नाही, पण तिच्या बोलण्याने तो खुलला. विहिरीवरच्या, चिंचेच्या गोष्टी झाल्या. सिस्टर चादरी बदलायचं निमित्त करून तिथेच घोटाळत राहिली. मग ती वेळ झाली. डॉक्टर उठले आणि बूट शोधायला लागले.

"कुठे निघालास रे?" आत्याने विचारलं.

"पोरीला आणायला. एकटी उभी असेल. भित्री आहे ती, कुणाशी बोलत नाही. उशीर झाला की रडते. मग घरी आल्यावर माझ्याशी अबोला."

आत्याने पदर तोंडाला लावला.

"दमले ना ते?" मुलगी उठत म्हणाली. "चला, त्यांना झोपू दे."

"दमला कुठे?" आत्याने शब्द जुळवत जुळवत तिला सांगितलं. "तुझी शाळा सुटली, म्हणतो. तुला आणायला निघालाय."

मुलगी तशीच उभी राहिली. मग हळूच वळून तिने सिस्टरकडे पाहिलं. "रोज हेच म्हणतात?"

सिस्टरने मान डोलवली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये, औषधांच्या गाडीपाशी, ती सिस्टरसमोर उभी राहिली. आवाज चढला नव्हता. "बाकीचं? जेवतेस का, दमलीस का, ते सगळं?"

"ते म्हणत नव्हते."

"मग कोण म्हणत होतं?"

"माझे वडील. म्हणजे, ते असते तर म्हणाले असते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून…"

"ते मला ओळखत नाहीत हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, सिस्टर. तेवढी मी खुळी नाही. पण ते माझी वाट बघत होते, हे मला सांगायला हवं होतं. मी आले की नेमकी त्याच वेळी उठून जात होते."

आत्या मागून आली, सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझं मन वाईट नव्हतं गं. पण दुसऱ्याच्या तोंडात आपला घास घालू नये, बाई."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर सिस्टरने दादाला फोन लावला. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. "नाना शेवटी माझ्याबद्दल काय म्हणाले होते?"

"आता कशाला उकरतेस?"

"सांग ना."

"चिडले होते. म्हणाले, परक्यांची म्हातारी माणसं धुवायला गेली, आपला म्हातारा इथे पडलाय. आजारी माणसाचं बोलणं गं. मनावर घेऊ नकोस."

"नाही घेत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला. जेवण गेलं नाही.

मुलीने तक्रार केली नाही, पण सिस्टर बापाजवळ नको, एवढं हेडबाईला सांगितलं. सिस्टरची बदली वरच्या मजल्यावर झाली. तिथल्या खिडकीतून आवारातलं फाटक दिसायचं. दुपार कलली की मुलगी डॉक्टरांना घेऊन खाली यायची. त्यांच्या पायांत बूट, अंगावर स्वेटर. ते फाटकाचे गज धरून रस्त्याकडे बघत उभे राहायचे आणि ती त्यांच्या शेजारी. अधूनमधून ते तिच्याकडे वळून काहीतरी बोलायचे. पोरीला उशीर का झाला, असंच विचारत असणार. ती मान डोलवायची. त्यांनी तिला ओळखलं, असं एकदाही दिसलं नाही.

थंडी सरता सरता त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच ते गेले. सिस्टरला ते हेडबाईकडून कळलं, वरच्या मजल्यावर एका आजीला खिमट भरवताना. तिने आजीचं तोंड पुसलं, उरलेले घास भरवले आणि मगच खाली गेली.

मुलगी एकटीच कपाट रिकामं करत होती. सिस्टरला पाहून तिने कपडे घडी करायचं थांबवलं नाही.

"एक विचारायचं होतं," थोड्या वेळाने ती म्हणाली. "शेवटचे दोन दिवस ते एकच शब्द बोलत होते. आत्या निघून गेली होती. कुणाला विचारू कळेना." मग तिने तो शब्द जपून, तोडून तोडून उच्चारला. "ये-ईल."

सिस्टरच्या डोक्यात नानांची दहा वाक्यं आली. तिने ती तिथेच थांबवली.

"येईल, म्हणजे कुणीतरी येणार आहे."

"कोण येणार, ते त्यात येत नाही?"

"नाही."

"मी येईन, असं नाही?"

"त्या शब्दात नाही येत."

मुलीने मान हलवली. स्वेटर पिशवीत सगळ्यात वर ठेवला, पिशवीची चेन ओढली आणि सिस्टरला वाट द्यायला सांगितलं. सिस्टर बाजूला झाली.