पहिला पेला

आमच्या घरात दुखणं कुठलंही असो, औषध एकच. ताप आला, दूध घे. झोप येत नाही, दूध घे. कुणाशी भांडून आलास, आधी दूध घे आणि मग सांग काय झालं ते. मी गगनबावड्याकडची. आमच्याकडे दूध चहापुरतं, आणि तेही चहाला रंग येण्यापुरतं. लग्न होऊन गंगावेशीत आले तेव्हा पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी माझ्यापुढे तांब्या ठेवला. मी म्हटलं, "मामा, एवढं?" ते म्हणाले, "एवढं म्हंजे? हे तर नुसतं तोंड वलं करायला."

माझे सासरे पिराजी, मी त्यांना मामा म्हणते. जातिवंत म्हशी पाळायच्या आणि संध्याकाळी कट्ट्यावर नेऊन पिळायच्या, हे त्यांच्या बापाचं काम, तेच त्यांचं. ज्यांनी आमचा दूध कट्टा पाहिला नाही त्यांना सांगते. दिवस कलला की गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ पेला हातात दिला जातो. मधे पाणी घालायला जागाच नाही. किती देऊ, असं मामा कधीच कुणाला विचारत नसत. पेला काठोकाठ भरायचा आणि पुढे धरायचा. विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी हात आखडणं.

आमच्या म्हशीची एक रीत कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक होती. पहिला पेला गवळ्याचा. मामांच्या वडिलांच्या काळात कुणीतरी आवई उठवली होती की आमच्या म्हशीला सुई टोचून पान्हा सोडवतात. भांडत बसण्याऐवजी त्यांनी चारचौघांत पहिला पेला स्वतः रिचवला आणि दुसरा गिऱ्हाइकापुढे धरला. तेव्हापासून रोज तसंच. पहिला पेला मामांचा, दुसरा विजयसिंह वस्तादांचा. वस्ताद म्हणजे एकेकाळचे नावाजलेले मल्ल. कुस्तीत कान पार मोडून गेलेले, गुडघेही गेलेले, पण संध्याकाळी कट्ट्याच्या पायरीवर त्यांची बैठक चुकत नसे.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात मामांना जुलाबाचं मोठं दुखणं झालं. सलाईन लागलं, उतार पडला, घरी आले. पण अंग भरेना. गालफडं बसली, सदरा खांद्यावर लोंबायला लागला. आणि आमच्यासारख्या घरात माणूस वाळायला लागला की काय करतात? दूध वाढवतात. सकाळी तूप घालून, दुपारी हळद घालून, रात्री खारीक उकळून. माझे यजमान विश्वजित बिद्रीला कारखान्यात नोकरीला आहेत, ते रात्री घरी आले की आधी विचारायचे, आबांनी, म्हणजे मामांनी, दूध घेतलं का. कट्ट्यावर वस्ताद म्हणायचे, "पिराजी, एक पेला वाढव, गड्या. म्हशीचं दूध हाय, हाडाला लागंल." मामा वाढवायचे. आणि जितकं वाढवायचे तितके वाळत जायचे.

एकदा दिवेलागणीला मी परड्यात गेले तर मामा नळाखाली धोतर धूत होते. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. मी म्हटलं, "ठेवा की, मी धुते." ते अंगावरच आले माझ्या. "तू आत जा." असं ते कधी बोलत नाहीत. मी आत गेले नाही. तिथंच उभी राहिले, आणि वासावरून मला कळायचं ते कळलं.

"रोज होतंय का मामा असं?"

ते धोतर पिळत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "वाटंतच झालं आज. म्हस पुढं, आणि मी मागं. माणसं रामराम घालत हुती."

मला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रंकाळ्याकडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं, आणि काही वाईट निघालं नाही म्हणून मी देवाला हात जोडले. मग त्यांनी विचारलं, "आजोबा, दूध किती पिता?"

मामा जरा ताठ बसले. "पितो की. गवळी हाय मी."

बाईंनी समजावून सांगितलं. वय झालं की पुष्कळांच्या पोटाची दूध पचवायची ताकद कमी होते. त्यात आतड्याला मोठा दणका बसला की उरलीसुरलीही जाते. मग गॅस, कळा, जुलाब. दूध वाईट नाही, ज्याला पचतं त्याने खुशाल प्यावं, पण तुम्हाला पचत नाही. थोडे दिवस पूर्ण बंद करा. ताक सोसतं का बघू. अगदीच वाटलं तर सोयाबीनचं दूध मिळतं, त्यानं हा त्रास होणार नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई चांगली हाय. पर गवळ्याच्या घरची न्हाय."

तरी मी सोयाबीनच्या दुधाचा खोका आणला. मामांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्येचं रेडकू कुठं बांधलंय?" विश्वजितने तेवढ्यात मोबाईलवर काय काय बघून ठेवलं होतं. ते म्हणाले, "आबा, जगात कुठलंच जनावर मोठं झाल्यावर दूध पीत नाही. दूध पिलाचं असतंय." मामा म्हणाले, "जगात कुठलं जनावर विजार घालतंय? काढ तू बी." आम्ही हसलो. हसण्यावारी गेलं आणि काम तसंच राहिलं. घरात ते माझ्या धाकानं दूध घेईनासे झाले, पण कट्ट्यावरचा पहिला पेला काही सुटला नाही. कट्ट्याजवळच्या शौचालयापर्यंत पोट धरून पळत जायचे, हे मला पलीकडच्या गवळ्याच्या बायकोनं सांगितलं.

मग मात्र माझा ताबा सुटला. ते वैरण टाकत होते, मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मामा, तुम्हाला आम्हाला रडवायचंच असेल तर तसं सांगा. एक माणूस गेल्याला अजून दोन वर्षं झाली नाहीत. एका पेल्यापायी तुम्ही जाणार, आणि लोक म्हणणार गवळी दूध पिऊन मेला. एवढी कसली इज्जत? त्या पेल्याशिवाय दूध खपत नाही का आपलं?"

मला वाटलं ते ओरडतील. ते म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"इज्जतीचं न्हाय, पोरी," ते म्हणाले. "डॉक्टरीण म्हणती ते खरं धरलं, तर मग आक्काचं काय?"

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची, आणि मामाही. त्यांना पोटाचा कॅन्सर होता. शेवटचे महिने त्या घरीच होत्या. अन्न जाईना, म्हणून मामा सकाळ-संध्याकाळ स्वतः धार काढून, कोमट असतानाच पेला घेऊन त्यांच्या उशाशी बसायचे. दुसऱ्या कुणाला देऊ द्यायचे नाहीत. त्या वेळी मला ते बघून भरून यायचं. मला वाटायचं, एवढी माया करणारा माणूस नशिबानं मिळतो.

"ती पेला बाजूला सारायची," मामा म्हणाले. "मी म्हणायचो, घे, अंगाला लागंल. मग घ्यायची. घोट घोट करून सगळा संपवायची. आणि भिताडाकडं तोंड करून, गुडघं पोटाशी घेऊन निजायची. मला वाटायचं, दुखण्यानं. आता मला रोज त्याच कळा येत्यात, तशाच. तिला बी हेच हुत असंल तर? मी तिला काय पाजत हुतो गं क्रांती?"

खोटं बोलून त्यांना बरं वाटलं असतं, पण ते खोटं पकडण्यात पटाईत आहेत, आयुष्यभर गिऱ्हाइकं सांभाळली आहेत. मी दुसऱ्या दिवशी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आक्कांचे जुने कागद पुढे ठेवले. त्या म्हणाल्या, "दुधानं त्या गेल्या नाहीत. त्या जाणारच होत्या. त्रास वाढला असेल का? वाढला असेल. आता कुणालाच सांगता येणार नाही." मी दोन्ही गोष्टी मामांना जशाच्या तशा सांगितल्या. त्यांनी ऐकलं. त्या रात्री जेवले नाहीत, आणि आम्हीही आग्रह केला नाही. आमच्या घरात आग्रह न करता कुणी उपाशी झोपल्याची ती पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "म्हस सोड. आज तू बी चल."

कट्ट्यावर नेहमीची माणसं होती. तालमीतली पोरं, दोन-तीन दुकानदार, मुलाला खांद्यावर घेऊन आलेला एक रिक्षावाला. पायरीवर वस्ताद. मी बाईमाणूस तिथं उभी राहिले म्हणून एकदोघांनी वळून पाहिलं. मामांनी रेडकू सोडलं, त्यानं ढुशी मारली, म्हशीनं पान्हा सोडला, मग रेडकाला बाजूला बांधून ते धारेला बसले. चरवी भरली. त्यांनी पहिला पेला काठोकाठ भरला आणि उभे राहिले. सगळे सवयीनं बघत होते. ते पितात, मिशा पुसतात, मग दुसरा भरतात, हे सगळ्यांना पाठ होतं.

मामांनी पेला तोंडाला लावला नाही.

"आजपास्नं मी पिणार न्हाय," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "दुधात खोट न्हाय. खोट माझ्या पोटात हाय. पचत न्हाय मला. लय दिस पचत न्हाय, आन मी तुमच्यासमोर पीत हुतो. ज्येला इस्वास हाय त्येनं घ्यावं. नसंल त्येनं पलीकडं जावं, त्येंची बी म्हस चांगली हाय."

तालमीतली दोन पोरं एकमेकांकडे बघून हळूच पलीकडच्या म्हशीकडे सरकली. रिक्षावाल्यानं मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. काठोकाठ भरलेल्या पेल्यातलं दूध मामांच्या मनगटावरून ओघळत होतं. मला वाटलं, पुढं व्हावं आणि तो पेला मीच पिऊन टाकावा. मी पाऊल उचललंही. तेवढ्यात वस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"आण हिकडं," ते म्हणाले. "पर त्यातलं निम्मं काढ."

मामांना कळेना. "निम्मं? का वस्ताद?"

"पुरं झेपत न्हाय मला."

"कवापास्नं?"

वस्तादांनी मोडका कान चोळला. सगळा कट्टा ऐकत होता, आणि या माणसानं एकेकाळी मैदानं मारली होती. "लय वर्सं झाली की," ते म्हणाले. "हितनं घरी जातो आन पोट धरून बसतो. सुनंनं आता मोरीच्या शेजारीच खाट टाकलीया."

"आन रोज काठोकाठ पिता? मला सांगता दूध वाढव म्हणून?"

"सगळी म्हणत्यात, म्हणून म्हटलं."

"आवो मग बोलायचं की, वस्ताद." मामांचा आवाज चिरकला. "एक डाव तरी बोलायचं. मी काय मारणार हुतो तुमास्नी?"

"कसं बोलू?" वस्ताद म्हणाले. "तू एवढ्या मायेनं पिळून हातात देतोस. न्हाय कसं म्हणायचं?"

मामांनी पेला चरवीत रिकामा केला आणि वस्तादांच्या शेजारी पायरीवर खाली बसले. खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. आक्कांना स्मशानात नेलं तेव्हा ते रडले नव्हते, घरी आल्यावरही नाही. आता भर कट्ट्यावर, गिऱ्हाइकांच्या समोर, खांदे हलवत रडले. वस्तादांनी त्यांच्या पाठीवर आपला रुंद पंजा ठेवला. कशाला रडतोस, असं ते म्हणाले नाहीत. मी म्हशीचा कासरा धरून उभी होते. मलाही काही दिसत नव्हतं.

रेडकू दावणीला हिसके देत होतं. मामांनी टॉवेल बाजूला केला, त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "सोड त्याला. आज पोटभर पिऊ दे." मी सोडलं. ते धावत आईच्या कासेला भिडलं.

मग मामा उठले. पेला विसळला, चरवीवर धरला, आणि थांबले. मी त्या घरात आल्यापासून जे कधी ऐकलं नव्हतं, ते त्यांनी त्या संध्याकाळी विचारलं.

"वस्ताद, किती वतू?"

वस्तादांनी पेल्यावर बोट ठेवलं, निम्म्याच्याही जरा खाली. मामांनी तेवढंच ओतलं.