वरच्या टोकाला घट्ट

भिकननं इंजिनामागचं छोटं चक्र अंगठ्यानं फिरवलं. सुपारीएवढ्या सिलिंडरमधला दट्ट्या वर गेला, खाली आला आणि कुठंही न अडखळता पुन्हा वर गेला.

"बघा, कसं लोण्यासारखं फिरतंय," पुंजाराम म्हणाला. "चार वर्षं पेटीत पडून होतं. आत एरंडेलाचा नुसता पाक झालेला. सकाळपासून स्पिरिटात बुडवलं काय, आणि हे असं मोकळं! तुमच्या हाताचा गुण, भाऊ."

भिकननं चक्र आणखी एकदा फिरवलं. दुसऱ्या खेपेला तरी ते वरच्या टोकाला अडेल, अशी जणू त्याला आशा होती. अडलं नाही. त्यानं अंगठा पायजम्याला पुसला आणि दातकोरणं उचलून कार्बुरेटरच्या भोकातला तपकिरी थर खरवडायला घेतला.

एकलहऱ्याच्या कॉलनीतला त्याच्या क्वार्टरचा ओटा. रविवारची दुपार. वीज केंद्राच्या चिमणीची राख वाऱ्यावर येत होती आणि ओट्यावर पसरलेल्या वर्तमानपत्रावर मिरपुडीसारखी बसत होती. वर्तमानपत्रावर इंजिनाचे सुटे भाग, आणि बाजूला गाडी: हातभर लांब, लाल, एक बाजू खरचटलेली, रेडिओच्या इशाऱ्यावर चालणारी. भिकनची बायको येवल्याला गेली होती, म्हणून चहाचं सिंधूबाई बघत होती. सिंधू ही भिकनची धाकटी बहीण, आणि पुंजाराम तिचा नवरा. भिकन त्याला दाजी म्हणायचा.

ही गाडी पुंजारामनं मस्कतहून आणली होती. तिकडच्या गॅरेजात दोन वर्षं राबून परत येणारा माणूस टेपरेकॉर्डर आणतो. पुंजारामनं पेट्रोलवरही न चालणारी एक खेळण्यातली मोटार आणली, याची गल्लीनं महिनाभर हळहळ केली होती. ती मोटार पीत असे मिथेनॉलचं स्पिरिट, एरंडेल आणि डब्यातून आलेलं एक उग्र वासाचं रसायन. पहिल्यांदा मैदानावर ती भुर्रकन सुटली तेव्हा हळहळणारेच तिच्यामागं धावले होते.

भिकन वीज केंद्रात फिटर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टर्बाइनच्या बेअरिंगवर आणि मूठ कानावर टेकवली की आत काय बिघडलंय ते तो सांगे. इतकं खरं. पुढचं त्याचं त्यानं वाढवलेलं. चांदवडच्या घाटात बसलेला ट्रक आपण नुसत्या शिव्या देऊन वर चढवला, असं तो सांगे. एका परदेशी इंजिनिअरनं म्हणे त्याचा उजवा कान विकत मागितला होता, तेव्हा भिकन म्हणाला, साहेब, डावा घ्या, उजव्याची पेन्शन बसायचीय. लोक हे ऐकायला डबा खाऊन झाल्यावरही थांबत. त्यातलं कुणी काही खरं धरत नसे, आणि भिकनलाही त्यानं काही वाटत नसे.

"दादा, झालं का?" सिंधूनं दारातून विचारलं.

"होतंय. इंजिन आहे, कुकर नाही."

"होईल गं," पुंजाराम हसत म्हणाला, "पण माझी अट लक्षात आहे ना दोघांच्या? एक मिनिट. कुणी हात न लावता हे एका जागी उभं राहून एक मिनिट चाललं, तर मी उद्या जातो. नाही चाललं, तर तो कागद साहेबांना परत."

कागद ओट्याच्या कडेला, चहाच्या कपाखाली दाबलेला होता. सोमवारी सकाळी नऊ वाजता फिटरच्या जागेसाठी चाचणी. पुंजाराम पंपहाउसवर हेल्पर होता. येत्या फेब्रुवारीत त्या जागेसाठीची त्याची वयाची मर्यादा उलटत होती, आणि त्यानंतर असा कागद येणार नव्हता. मागच्या दोन वेळी कागद आला तेव्हा तो गेलाच नव्हता. सिंधूनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, शेवटी भावाला निरोप धाडला. भिकन म्हणाला, गाडी घेऊन या म्हणावं, त्या निमित्तानं बोलू. ही मिनिटाची अट मात्र पुंजारामनं रस्त्यात येता येता घातली होती. थट्टेत घातली, आणि मग तिलाच धरून बसला.

भिकननं इंजिन जोडलं. सेलच्या तारा प्लगला लावल्या, दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन किंचाळलं. निळा धूर आला, एरंडेलाचा तळकट वास ओटाभर झाला. भिकननं कार्बुरेटरची सुई पाव फेरा आत घेतली, इंजिन एका जागी मंद चालवायचा आयडलचा स्क्रू केसभर बाहेर. आवाज खाली आला आणि एका जागी बसला. तर्र तर्र तर्र.

"वीस," पुंजाराम घड्याळाकडं बघत म्हणाला. "तीस."

सिंधू दारात आली. पदराला हात पुसायचं विसरून तशीच उभी राहिली.

पस्तिसाव्याला आवाज पातळ झाला. चाळिसाव्याला इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं.

"भोकात कचरा असेल अजून," सिंधू घाईनं म्हणाली.

"असेल," भिकन म्हणाला.

नसल्याचं त्याला माहीत होतं. तरी त्यानं कार्बुरेटर पुन्हा उघडला, भोक धुतलं, फुंकलं, उन्हाकडं धरून आरपार पाहिलं. इंधनाची नळी पाण्यात बुडवून कुठं बुडबुडा येतो का बघितलं. प्लग बदलला. डब्यात तळाशी राहिलेलं ते उग्र रसायनही ओतलं. हे सगळं तो सावकाश, नीट, एकेक करत गेला. औषध लागणार नाही हे ठाऊक असलेला डॉक्टर घरच्यांसमोर नाडी धरून बसतो तसा.

दुसऱ्या खेपेला इंजिन अडतीस सेकंद चाललं.

तिसऱ्या खेपेला भिकननं आवाज बसल्याबरोबर ओलं फडकं इंजिनाच्या डोक्यावर टाकलं आणि वर हात ठेवला. चाळीस गेले. पन्नास गेले. सिंधूच्या ओठांची हालचाल होत होती, ती मोजत होती. पुंजारामनं पुढं वाकून फडकं उचललं. आवाज पाच-सात सेकंद टिकला, पातळ झाला, विझला. सिंधू चहा टाकायला आत गेली.

"कुणी हात न लावता, म्हटलं होतं," पुंजाराम म्हणाला. "आजाऱ्यासारख्या पट्ट्या ठेवून चालवलेलं काय खरं, भाऊ?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट सुटल्यासारखा तो भिंतीला टेकून बसला. "जाऊ द्या. माझंच केलेलं आहे. त्या पावसाळ्यात आत तेल तसंच ठेवलं मी. टाकी रिकामी करायची, दोन थेंब पातळ तेल घालायचं, चक्र फिरवून ठेवायचं. मस्कतला मीच दुसऱ्यांना शिकवायचो. आणि घरच्या इंजिनाला विसरलो. एवढंसं इंजिन ज्याला सांभाळता आलं नाही, त्यानं तिथं जाऊन पान्याला हात लावायचा? चाचणी घेणारे हसतील. तुमचे लोक तर आजही एरंडेल म्हणतात मला."

ते नाव भिकनचं होतं. चार वर्षांपूर्वी कॉलनीच्या मैदानावर, चाळीस-पन्नास माणसांसमोर गाडी अशीच बंद पडली होती, आणि पुंजाराम गुडघ्यांवर बसून सुई फिरवत होता. तेव्हा भिकननं मोठ्यानं सांगितलं होतं, "दाजींनी इंजिनाला एरंडेल पाजून झोपवलंय. आता ते एका जागी उभं राहील कसं? त्याला पळायची घाई!" मैदान लोटपोट हसलं होतं. मेहुण्यानं दाजींची टर उडवायची नाही तर कुणाची? पुंजारामही हसला होता. दुसऱ्या दिवशी पंपहाउसवर कुणीतरी त्याला "काय एरंडेल" म्हणून हाक मारली, आणि ते त्याला चिकटलं. महिन्याभरात त्यानं हातात हत्यार घेणं बंद केलं.

भिकननं फडकं पिळलं. पाणी निघून गेल्यावरही पिळत राहिला.

"दाजी, हे तेलानं झालेलं नाही."

"मग?"

"मी केलंय."

पुंजारामनं मान वळवली.

"तुम्ही तेव्हा इंजिन माझ्याकडं टाकून नांदगावला गेला होतात. मी चक्र फिरवलं, तर दट्ट्या वरच्या टोकाला अडकायला लागला. चिकटायचा, जोर दिला की सुटायचा. मला वाटलं, तेल सुकून बसलंय, नाहीतर सिलिंडरची नळी वाकडी. आपल्याकडं एवढाले पंप, कुठं घासतंय म्हटलं की मोकळं करायचं, हीच सवय. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावली आणि अर्धा तास घासला. हातात लोण्यासारखा फिरायला लागला, तेव्हा सोडला. मीच मला शाबासकी दिली."

"बरं."

"त्या इंजिनाची नळी वर मुद्दाम निमुळती केलेली असते, दाजी. थंड असताना ते वर घट्टच पाहिजे. तापलं की नळी फुगते आणि बरोबर बसते. मी घट्टपणाच घासून टाकला. आता थंड असतं तोवर चालतं. तापलं की दट्ट्या आणि नळीत फट पडते, दम निघून जातो. तुमच्या पेटीतच माहितीचा कागद होता, चित्र काढून दाखवलेलं. मी तो घासल्यानंतर बघितला."

"मैदानावरच्या त्या दिवसाच्या आधी?"

"आधी. आदल्या दिवशी."

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला.

पुंजारामनं भिकनकडं पाहिलं. मग त्याचे डोळे बारीक झाले, गालावर सुरकुत्या आल्या, आणि तो हसायला लागला. आधी हळू, मग पोट धरून.

"वा, भाऊ, वा! मानलं तुम्हाला. निमुळती नळी! फुगते काय, बसते काय! आणि तो कागद कुठाय?"

"फाडून टाकला मी."

"फाडलाच असणार!" पुंजारामनं मांडीवर थाप मारली. "अहो, ज्याचा कान विकत घ्यायला परदेशी साहेब येतो, त्याला सुपारीएवढं इंजिन कळलं नाही? पेस्टनं घासलं? हे कुणाला सांगताय?"

"दाजी, चेष्टा नाही. तुमच्या पायाची शपथ."

"शपथेवर तर तुम्ही घाटात ट्रक चढवलेला."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"असू द्या हो." पुंजारामचा आवाज एकदम मऊ झाला. त्यानं पुढं सरकून भिकनच्या खांद्यावर हात ठेवला. "कळतंय मला. उद्या मी जावं म्हणून तुम्ही माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेताय. फिटर माणूस, सगळं केंद्र ज्याला मानतं, तो माझ्यासाठी अडाणी व्हायला तयार झाला. असा मेहुणा कुणाला मिळतो? पण खोट्याच्या जोरावर पाना उचलून काय करू? हात थरथरायचे ते थरथरतीलच."

भिकननं इंजिन उचलून पुंजारामपुढं धरलं आणि चक्र फिरवलं.

"फिरवून बघा. वर घट्ट लागतंय का?"

पुंजारामनं फिरवलं.

"कुठं घट्ट? झकास फिरतंय," तो कौतुकानं म्हणाला. "धुतलंत किती छान."

त्यानं गाडी पेटीत ठेवली, भाग फडक्यात गुंडाळले, पेटी बगलेत मारली. पायऱ्या उतरताना शेजारच्या ओट्यावर बसलेल्या सोमाला हाक मारून म्हणाला, "सोमादादा, जय भीम! आज आमच्या भाऊंनी कान विकण्याच्या गोष्टीपेक्षाही वरचढ गोष्ट सांगितली. ये कधी पंपहाउसवर, ऐकवतो." आणि बसथांब्याच्या दिशेनं निघाला. खूप दिवसांनी त्याच्या चालण्यात जरा उड्या होत्या.

सिंधू चहाचे तीन कप घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते भिकनला कळलं नाही. तिनं कप खाली ठेवले. एकही पुढं केला नाही.

"अर्धा तास घासलंस?" तिनं विचारलं.

"अर्धा तास."

"आणि मग मैदानावर सगळ्यांसमोर बोललास."

भिकननं मान हलवली. शेजारी सोमा अजून हसत होता.

सिंधूनं वाकून कडेचा कागद कपाखालून ओढला. त्यावरची राख फुंकली, चार घड्या घातल्या आणि बटव्यात ठेवला. पायात चपला सरकवल्या.

"नऊ वाजता ना?"

"नऊला. मी पावणेनऊलाच गेटवर थांबतो. दाजींच्या हातात पाना देईन, मग बघू, एकदा हात लागला की—"

"तू थांबू नकोस," ती म्हणाली. "ते आले तर तुझ्याशिवाय येतील. उद्या तू त्यांना दिसू नकोस, दादा. मला पण."

ती पायऱ्या उतरली आणि नवऱ्याला गाठायला भराभर चालू लागली.